चीज होणे

अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९९९ साली ‘ॲपल पाय’ला राज्याच्या पायचा मान दिला. त्यासोबत थंडगार दूध, व्हॅनिला आइस्क्रीम किंवा किमान अर्धा औंस चेडर चीज देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, असेही कायद्यात नमूद केले. हे वाचून आम्ही भावंडे हसलो. आमच्या घरी फळ आणि दूध म्हणजे विरुद्धाहार. अपवाद फक्त शिकरणाचा.

गंमत अशी, की चीजचा मोठा कारखाना आमच्या बारामतीतच आहे आणि पेरूच्या बागा शेजारच्या इंदापुरात. आईने वर्षानुवर्षे डेअरीला दूध घातले. अशाच दुधाचे चीज होऊन शहरांतल्या बर्गरमध्ये गेले. आमच्या ताटात मात्र ते कधी आले नाही.

ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि पांढरे चीज एकत्र खातात. या जोडीला तिथे ‘रोमिओ-ज्युलिएट’ म्हणतात. गोव्यातील पेराद ही त्याच वडीची बहीण. पेरूही पोर्तुगीजांबरोबरच अमेरिका खंडातून आपल्याकडे आला.

परवा आम्ही इंदापुरी पेरूंची तशी वडी थापली, वर चीजचा काप ठेवला आणि पहिला तुकडा आईला दिला. चीजच्या खारटपणाने वडीचा गुळमटपणा मोडतो आणि त्याच्या स्निग्धतेने पेरूचा तुरटपणा सावरला जातो. आई बराच वेळ चघळत राहिली.

“एवढी वर्षं पहाटे उठून धारा काढल्या,” ती म्हणाली, “त्याची चव अशी होय!”

विरुद्धाहाराचा विषय तिने काढला नाही. दुसरी वडी मात्र मागून घेतली.