डाव्या कालव्याच्या काठाने : सेलू ते मानवत

सोमवार, मुक्काम पाथरी

सकाळी सेलूत केशवराज बाबासाहेबांच्या मंदिरात डोकं टेकवलं आणि पाथरीच्या रस्त्याला लागलो. पौषातला वारा कानाला झोंबत होता. तुरीची खळी चालू आहेत, हरभरा घाट्यांवर आला आहे. सेलूकराला आता कालवा म्हटलं की तालुक्यातल्याच ब्रह्मवाकडीच्या धरणाचा, दुधनेचा कालवा आठवतो. मला मात्र थोरल्याच्या काठाने चालायचं होतं. जायकवाडीचा हा पैठण डावा कालवा 208 किलोमीटर लांब आहे आणि अंबड, घनसावंगी, परतूर करत तो पाथरी, मानवत, परभणीच्या शिवारांत येतो.

मंगळवार, कालव्याच्या भरावावर

युरोपात जुन्या कालव्यांच्या काठाने घोडे नावा ओढत जात, तिथली काठची वाट त्यांच्यासाठी होती. आपल्या भरावावरची वाट पाण्यावर नजर ठेवण्यासाठी आहे. तिच्यावरून पाटकरी फिरतो, कधी जीप जाते, एरवी शेळ्या आणि उसाच्या बैलगाड्या. रब्बीचं आवर्तन सुटलेलं आहे. गढूळ पाणी मुकाट्याने पुढे जातं आणि सकाळी त्याच्यावर वाफ तरंगते.

अस्तर मात्र जागोजाग फुटलेलं दिसतं. आपली काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते आणि वरचं काँक्रीट उचलून फोडते. यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी उपाय शोधून दिला होता : काळ्या मातीवर आधी न फुगणाऱ्या, चिकट मातीचा जाड थर द्यायचा आणि मग अस्तर करायचं. ज्ञान आपल्याच राज्यात तयार झालेलं आहे. तरी फुटक्या फरशीतून पाझरणारं पाणी काठच्या रानाला चिबड करतं आणि पुढचं रान तहानलेलं राहतं, हे पाहून जीव तुटतो.

पुलाजवळ एक आजी शेळ्या राखत बसल्या होत्या. कालव्याचं विचारलं तर म्हणाल्या, "बाबा, बहात्तरला पोटाला काई नव्हतं. हितंच माती वाहिली. लेकरू झोळीत टाकायचं, टोपलं उचलायचं. सुकडी मिळायची, त्येच्यावर जगलो." लालबहादूर शास्त्रींनी 18 ऑक्टोबर 1965 रोजी जायकवाडी धरणाची पायाभरणी केली, 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. या दोन तारखा शाळेत शिकवतात. मधल्या दुष्काळात टोपली वाहणाऱ्या बायांची नावं कुठल्या फलकावर आहेत? मला तर या वाटेवर एकही फलक दिसला नाही.

बुधवार, मानवतकडे

आज चाऱ्यांच्या बाजूने उतरलो. मुख्य कालव्यातून वितरिका, तिच्यातून चारी, चारीतून शेतचारी : पाणी असं वाटत वाटत जातं. नमुना सातचा अर्ज भरला, पाळी लागली की शेतकरी कंदील-बॅटरी घेऊन रात्रभर दाऱ्यावर उभा. या थंडीत पाण्यात पाय घालून उभं राहणं म्हणजे काय, ते इथं कळतं. प्रकल्प आखताना भर होता आठमाही पिकांवर. वर ऊस वाढत गेला आणि टेलच्या ज्वारीला शेवटचं पाणी उरेनासं झालं. एका बांधाशी 'परभणी मोती' ज्वारी उभी होती, कणसं नुकती भरलेली. शेतकरी म्हणाला, एक पाणी आणखी मिळालं तर साधेल.

माझं मत स्पष्ट आहे. नवीन योजनांचे नारळ फोडण्याआधी या जुन्या कालव्याचं अस्तर दुरुस्त झालं पाहिजे आणि पाणी आधी टेलला देऊन मग वर सरकलं पाहिजे.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात कुणी या कालव्याच्या कामावर गेलं असेल, तर त्यांच्याजवळ बसून ऐका आणि गावाच्या नावासह लिहून ठेवा. आमच्याकडे पाठवलंत तर पुढच्या भागात छापू.