आज तिथी कोणती?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की आमच्या घरी दर वर्षी एका बाटलीवरून वाद होतो. बाटली साधीच आहे. तीनशे मिलिलिटरची, अरुंद मानेची, घासून बसवलेल्या काचेच्या बुचाची. सौभाग्यवतींच्या मते तिच्यात ना तेल राहते ना गुलाबपाणी. तेव्हा ती रद्दीवाल्याला देऊन टाकावी. मी ती धुऊनपुसून पुन्हा फळीवर ठेवतो. का ठेवतो, हे इतक्या वर्षांत मी घरात नीटसे सांगितलेले नाही. आज वाचकांनाच सांगून टाकतो. म्हणजे घरातही वाचले जाईल.

गोष्ट १९९६ सालच्या दिवाळीची. मी तेव्हा पुण्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत असे. माझी थोरली बहीण वाशिष्ठीच्या काठी दिलेली. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून वाहते, वाटेत जगबुडीला पोटात घेते आणि दाभोळपाशी समुद्राला मिळते. पण हा झाला भूगोलाच्या पुस्तकातला प्रवास. चिपळूणच्या खाली ती नदी कमी आणि खाडी जास्त. दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात शिरतो आणि दोनदा माघारी जातो. शिवाय १९६२ पासून कोयनेचे पाणी वीज तयार करून घाटाखाली उतरते, तेही तिच्यातच येते. शहरात दिवे लागले, विजेची मागणी वाढली, की इकडे नदीचे पाणी वाढते. थोडक्यात, घटकेघटकेला स्वभाव पालटणारी ही बाई. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ठाऊक होते, पण उमगले नव्हते.

ताईच्या शेजारी एक तांडेल राहत. सारा गाव त्यांना तांडेलमामा म्हणे. जन्म खाडीत जाळे टाकण्यात गेलेला. खाडीच्या वरच्या अंगाला कारखाने आले, वस्ती वाढली, आणि अधूनमधून मासे पोट वर करून तरंगू लागले. मामा हे दोन वर्षे गावात सांगत होते. कोणी मनावर घेत नव्हते. शेवटी ते मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्यातले शिकलेले. एकदा पाणी बघा. तुमच्या कागदाला मान आहे, माझ्या नाकाला नाही."

मी मोठ्या हुरूपाने लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बाटल्या आणि रसायने घेऊन उतरलो. एस्.टी. पोचली अकराच्या पुढे. पाणी पार घाटाच्या पायऱ्यांना लागले होते, उन्हात चकाकत होते. तिथेच बाटली भरली.

आता या बाटलीची गंमत सांगतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा माशांचा श्वास. गोड पाण्यात तो लिटरला सातआठ मिलिग्रॅमपर्यंत मावतो. पाणी तापले किंवा खारट झाले की त्याहून कमी. नदी स्नानाला योग्य ठरायची तर तो निदान पाच असावा लागतो. सांडपाणी आले की ते कुजवणारे जिवाणू हा प्राणवायू खातात, आणि मासे गुदमरतात. तो मोजायचा तर बाटली भरल्या जागीच तीत मँगनीज सल्फेट आणि आयोडाइडचे अल्कलीयुक्त द्रावण घालायचे. प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढरा. पुढचे आकडे मागाहून काढता येतात, पण खरा निकाल डोळ्यांना तिथेच दिसतो.

माझ्या बाटलीत साका बसला तो छान तपकिरी. आकडा आला साडेपाचाच्या वर. पाडव्याच्या संध्याकाळी गावकरी देवळात जमले होते. मी आकडा वाचून दाखवला आणि सहीनिशी कागद दिला : पाणी उत्तम आहे. कोणीतरी म्हणाले, "मग वास मामांच्या जाळ्यालाच येत असेल!" सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी इतकेच विचारले, "मास्तर, पाणी भरलंत तेव्हा तिथी कोणती होती?"

"अमावास्या. का?"

त्यांनी बोटांची पेरे मोजली. कोकणात हिशेब सोपा असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्येचे पंधरा, त्यांची पाऊणपट सव्वाअकरा. "म्हणजे ऐन उधाणाच्या भरतीला," मामा म्हणाले. "तुम्ही समुद्र तपासलात. नदी अजून तपासायचीच आहे."

माझी इतक्या वर्षांची विद्या त्या दोन वाक्यांत खाली बसली. द्वितीयेची भरती दीडला, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातला. भाऊबीजेच्या पहाटे मामांनी मला होडीत घातले आणि वरच्या वळणावर नेले. पाणी चिखलापर्यंत उतरले होते, रंग काळपट होता, आणि वासासाठी मामांच्या नाकाची गरज नव्हती. बाटली भरली, थेंब टाकले. साका बसला पांढराशुभ्र.

ओवाळून घ्यायला बसलो तेव्हा ताईने विचारले, "अरे, चेहरा का असा?" मी काय सांगणार? पहिला कागद आदल्या रात्रीच पुढे गेला होता. मी पुण्याहून दुसरा पाठवला, तेव्हा उत्तर आले, की आपल्याच अहवालाप्रमाणे पाणी उत्तम असल्याने तक्रार निकाली काढली आहे. ते काळे पाणी कोणाच्या दारातून येत होते, हे मला सिद्ध करता आले नाही. पुढच्या वर्षी मामांचा मुलगा जाळी विकून मुंबईला नोकरीला गेला. मामा बंदराकडे पाठ करून बसले होते, एवढेच ताईने पत्रात लिहिले.

त्यानंतर ताईने एक वही घातली. शाळेची, रेघांची. तारीख, तिथी, भरती की ओहोटी, रंग, वास, मामांची मासळी. आणि महिन्यातून दोनदा हातमोजे घालून टाकलेल्या थेंबांचा निकाल : तपकिरी, फिका किंवा पांढरा. चारपाच वर्षांनी ती वाचताना नदी बोलू लागली. उन्हाळ्यात अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, समुद्राची ये-जा मंदावते, घाण तिथेच घोळत राहते, आणि तेव्हा पाणी सर्वांत वाईट. पहिल्या पावसात काठावरचे सारे धुऊन येते, तेव्हाही वाईट. अमावास्या-पौर्णिमेची दुपार मात्र नेहमी देखणी!

आजाऱ्याचा ताप उतरलेला असतानाच तापमापक लावून त्याला घरी पाठवणाऱ्या डॉक्टराला आपण काय म्हणू? मी तेच केले होते. नदीची प्रकृती एका बाटलीत मावत नाही. तिला वही लागते, आणि ती लिहायला काठावर राहणारे माणूस लागते.

मामांनी मला कधी टोचून बोलून दाखवले नाही. फक्त मी दिवाळीला घाटावर उतरलो, की हसून विचारीत, "मास्तर, आज तिथी कोणती?" आता विचारायला ते नाहीत.

म्हणून ती बाटली फळीवर असते.