मागचा पट्टा

धनज बुद्रुक,
ता. कारंजा, जि. वाशिम

प्रिय बाळ्या,


नव्या गाडीचे पेढे मिळाले. दिवाळीला ताईला घेऊन समृद्धी महामार्गानं येतोस म्हणे. ये, पण मावशीनं जन्मभर नर्सची नोकरी केली आहे, तेव्हा चार शब्द ऐकावे लागतील.

वॉर्डात जखम बघूनच अपघात कळायचा. पायी चालणाऱ्याला आधी बंपर लागतो, म्हणून गुडघ्याखालची हाडं जातात. मग तो बॉनेटवर आपटतो आणि डोकं फुटतं. मोटारीत पुढं बसलेल्याचा गुडघा डॅशबोर्डवर आदळला की दणका मांडीच्या हाडातून वर जातो आणि खुबा निखळतो; गुडघ्यावर मात्र नुसतं खरचटलेलं. पोटातला मार सगळ्यात लबाड. माणूस बोलतोय, पाणी मागतोय आणि आत प्लीहा फाटून रक्त साचतंय. ऑपरेशन लागेल म्हणून आम्ही पाणी देत नसू. नातेवाईक शिव्या घालायचे. घालोत बापडे.

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. साठाच्या दुप्पट वेग, पण धडकेचा जोर चौपट. त्यात रस्ता नाकासमोर सरळ, मध्ये ना गाव ना चौक; डोळे उघडे राहतात आणि लक्ष झोपतं. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूर-पुणे खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. बस दाराच्या अंगावर आडवी झाली होती, बाहेर पडायला वाटच नव्हती. काही जण काच फोडून निघाले, तेवढे वाचले.

ताई म्हणेल, मागं कशाला पट्टा? तिला सायरस मिस्त्रींच्या अपघाताचं सांग. सप्टेंबर २०२२, पालघर जिल्हा, महागडी गाडी. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. शिवाय पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. म्हणजे तुझ्या पाठीवर तुझी आई! पट्टा तिच्या पोटावर नको, खाली कमरेच्या हाडावर बसव आणि वरचा खांद्यावरून घे, काखेतून नको.

रात्रीचा निघू नकोस. कारंजाला उतरलास की वेग विसर. सोयाबीन-कापसाच्या ट्रॉल्या असतात आणि मागं दिवा क्वचितच. कोणी पडलेला दिसला तर १०८ ला फोन कर, हेल्मेट ओढून काढू नकोस.

निघताना फोन कर, चालवताना नको.

तुझी,
मावशी