देणे



भाषेचा अभ्यास करणाऱ्या माणसाला एक खोड जडते. समोरचा मनापासून काही सांगू लागला, की आशय मनात उतरण्याआधी त्यातला एखादा शब्दच कानात अडकून बसतो. माझ्या कानात असा एक शब्द सुमारे तीस वर्षांपूर्वी अडकला. त्याचा अर्धा अर्थ मला तेव्हाच कळला. उरलेला अर्धा कळण्यासाठी पन्नाशी ओलांडावी लागली. शब्द अगदी साधा आहे : 'देणे'. तो मी ज्या गावी ऐकला, त्या गावाचे नाव डोळखांब.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत हे गाव वसले आहे. त्या परिसरातून आजोबाचा डोंगर दिसतो. सखल भागात भाताची खाचरे, चढावर नागली आणि वरई, त्यापलीकडे सागाचे आणि ऐनाचे रान, आणि त्या रानाच्या आधाराने राहिलेले ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे. मुंबईची तहान भागवणारी भातसा, तानसा ही धरणे याच तालुक्यातली. आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दूरवर पायपीट करणाऱ्या बायाही याच तालुक्यातल्या. दिवाळी उलटली की कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पीएच.डी.च्या संशोधनासाठी या भागातील बोलींचे नमुने गोळा करायला मी तेथे जात असे. खांद्याला टेपरेकॉर्डर आणि पिशवीत शब्दांच्या याद्या, एवढेच माझे सामान असे.

एका आषाढात मी तेथे तापाने आडवा झालो. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्यांनी सरकारी दवाखान्यातील परिचारिकेला बोलावून आणले. आसपासच्या पाड्यांवर सारे त्यांना 'सिस्टरबाई' म्हणत. नगर जिल्ह्यातील मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या, चाळिशीच्या आसपासच्या बाई. चार दिवस त्या सकाळ-संध्याकाळ भर पावसात येत राहिल्या. पाचव्या दिवशी ताप उतरला, तेव्हा आभार मानायला मी त्यांच्या खोलीवर गेलो. दाराशी पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा भिंतीला टेकून बसला होता. त्याला चालता येत नव्हते; बोलणेही अस्पष्ट होते. तो त्यांचा एकुलता एक मुलगा. पती काही वर्षांपूर्वी वारले होते, सासरचे येणे-जाणे थांबले होते. त्या कामावर गेल्या, की शेजारची एक आजी मुलाजवळ बसत असे. घरात हे असताना ही बाई माझ्यासारख्या परक्याच्या उशाशी बसली होती. दूरच्या पाड्यांवरच्या बाळंतिणींसाठी गूळ-तूपही ती स्वतःच्या पगारातून नेते, हे मला गावात समजले होते.

मी तरुण होतो, भाषाही पुस्तकी होती. म्हणालो, "सिस्टरबाई, तुमच्या दातृत्वाला तोड नाही."

त्या हसल्या. म्हणाल्या, "भाऊ, दातृत्व कसलं? माझं देणं आहे ते. जमेल तसं फेडते."

येथे माझ्यातला भाषाशास्त्राचा विद्यार्थी जागा झाला. तुम्हीही क्षणभर या शब्दापाशी थांबा. 'देणे' हे क्रियापद आपण रोज वापरतो. पण तोच शब्द नाम झाला, की त्याचे दोन अर्थ होतात. कलावंताच्या गळ्याला आपण 'ईश्वरी देणे' म्हणतो, तेव्हा देणे म्हणजे वरदान. 'सावकाराचे देणे' म्हणतो, तेव्हा देणे म्हणजे ऋण. मिळालेली भेट आणि फेडायचे कर्ज, या दोहोंना मराठी एकच शब्द वापरते. मला या निरीक्षणाचा फार आनंद झाला. तरीही मी विचारले, "पण देणे कोणाचे?"

त्यांनी आपल्या आजीची हकीकत सांगितली. आजी मध्य प्रांतातली. लहानपणी दुष्काळात आई-बाप गेले, आणि रस्त्याकडेला उपाशी सापडलेल्या मुलींबरोबर ती पुणे जिल्ह्यातील केडगावला येऊन पोचली. "आजी तेव्हाच गेली असती, तर मी कुठून असते?" त्या म्हणाल्या. "तिला ज्या बाईंनी पोसलं, त्यांचं स्वतःचं माहेरचं माणूस एकही उरलेलं नव्हतं."

त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे चरित्र तुम्हांला ठाऊक असेल. मी केवळ त्यातील एका धाग्याकडे तुमचे लक्ष वेधतो. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकापवाद सोसून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाईंना ती विद्या आईकडून मिळाली. तीर्थक्षेत्रांतून पुराणे सांगत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले. रमाबाई सोळा वर्षांच्या असतील-नसतील, तोच वडील, आई आणि मोठी बहीण अल्पावधीत दगावली. बरोबर राहिलेला भाऊ १८८० मध्ये गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. १८८२ मध्ये तेही गेले. चोविसाव्या वर्षी त्यांच्यापाशी उरली ती मनोरमा नावाची तान्ही मुलगी, आणि विद्वत्ता. इंग्लंडला जाऊन वैद्यकी शिकावी असे त्यांच्या मनात होते. पण ऐकू कमी येत असल्याने तोही मार्ग बंद झाला. इंग्लंडमध्येच १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवा मुलींसाठी 'शारदा सदन' काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत, या कारणावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील मान्यवर बाजूला झाले, कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. या वादाला दोन बाजू आहेत आणि अभ्यासक म्हणून तुम्ही दोन्ही वाचायला हव्यात. मला येथे एवढेच सांगायचे आहे, की एखाद्या बाईने आता दार लावून घ्यावे, अशी सारी कारणे रमाबाईंपाशी जमा झाली होती. नेमक्या त्याच काळात, १८९६-९७ मध्ये, मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ पसरत होती, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. पुढे गुजरातमधील दुष्काळात आणखी मुली आल्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम आणि छापखाना सुरू झाला, अंध मुलींच्या शिक्षणाची व्यवस्था झाली. 'मुक्ती सदन' ते हेच.

दुःख भोगलेला माणूस आपोआप उदार होतो, असे मला वाटत नाही. दुःखाने माणसे कडवट झालेली, आक्रसलेली आपण रोज पाहतो, आणि त्यांना दोष देता येत नाही. रमाबाईंनी मात्र आपल्या दुःखाचा निराळा उपयोग केला. उपाशी मुलीच्या पोटात नेमके काय होते, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. स्वतःची भूक त्यांनी जणू एखादी भाषा शिकावी तशी जपून ठेवली, आणि ती भाषा बोलणाऱ्या मुली भेटल्या तेव्हा वापरली. शुभवर्तमानात एका गरीब विधवेची गोष्ट आहे. श्रीमंत लोक मंदिराच्या भांडारात मोठमोठ्या रकमा टाकत असतात. ती दोन लहानशी नाणी टाकते. येशू म्हणतो, की सर्वांत अधिक हिने दिले, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले आणि हिने आपल्या उणेपणातून. ख्रिस्ती परंपरेतील औदार्याचा गाभा मला या गोष्टीत दिसतो. आपले दुःख संपल्यावर, घर सावरल्यावर, हाती चार पैसे साठल्यावर देऊ, असे ती विधवा म्हणत नाही.

ही परंपरा मराठी साहित्यातही आली आहे. तुमच्यापैकी अनेकांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचली असतील. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचे जग उलटेपालटे झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, सोवळ्याओवळ्याच्या एकेका बंधनाशी झगडत मोकळ्या झाल्या, आणि पुढे पैशांची कायम चणचण असलेल्या त्यांच्या घरात पोरकी मुले वाढू लागली. त्याग, सेवा असे मोठे शब्द न वापरता त्या हे सारे हसत हसत सांगतात.

आता पुन्हा डोळखांबकडे येऊ. कारण माझ्या शब्दाचा दुसरा अर्धा भाग तेथेच राहिला आहे.

पुढच्या वर्षी मी गेलो, तेव्हा सिस्टरबाईंचा मुलगा आजारी होता. त्याला शहापूरला न्यायचे होते, आणि ओढ्याला पूर आल्याने गाडी येत नव्हती. पाड्यावरच्या चौघांनी घोंगडी आणि बांबू यांची डोली केली, त्याला खांद्यावर घेतले आणि एस.टी. मिळेल तेथवर पोचवले. मुलगा बरा होऊन आल्यावर एक वृद्ध ठाकर बाई पायलीभर नागली घेऊन सिस्टरबाईंच्या दाराशी आली. पावसाळ्याचे ते दिवस; घराघरांतले धान्य सरत आलेले. सिस्टरबाई हात जोडून म्हणाल्या, "मावशी, हे नको. तुमच्याच घरात लागेल." मावशी उंबऱ्यावरच बसली. तिच्या बोलीतले शब्द थोडे निराळे होते, पण आशय असा : "बाई, तू देतेस ना? मग आम्हालाही देऊ दे की." सिस्टरबाईंनी काही क्षण तिच्याकडे पाहिले, आत जाऊन सूप आणले, आणि नागली ओतून घेतली.

मी ते वाक्य तत्परतेने टिपून घेतले. माझ्या प्रबंधात ते सहायक क्रियापदाचे उदाहरण म्हणून आले आहे. तुम्हीही व्याकरणाच्या घटकात हे शिकला आहात : 'वाचून दे' म्हणजे दुसऱ्यासाठी वाच, 'वाचून घे' म्हणजे स्वतःसाठी वाच, आणि 'वाचू दे' म्हणजे वाचण्यास मोकळीक दे. 'देऊ दे' या रूपात पहिले 'देणे' मुख्य क्रियापद आहे, दुसरे सहायक. विश्लेषण अचूक होते. परीक्षकांनी त्याबद्दल प्रशंसाही केली. त्या बाईने मला काय सांगितले, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही.

ते आले सहा वर्षांपूर्वी. माझ्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. शब्दांवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात शब्दच थांबले. मी महाविद्यालय सांभाळले, रविवारची संपर्कसत्रे सांभाळली, घरचे सारे केले, आणि कोणाचीही मदत घेतली नाही. अभ्यासकेंद्रातील विद्यार्थी विचारत. मी "सर्व ठीक आहे" म्हणत असे. या ताठरपणाला मी कर्तव्यनिष्ठा समजत होतो. एका रविवारी सत्र संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. वयाने माझ्याच बरोबरीची, दिवसा अंगणवाडीत काम करणारी, घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची सेवा करून बी.ए.चा अभ्यास करणारी. तिने डबा पुढे केला. मी नेहमीप्रमाणे नकार दिला. ती म्हणाली, "सर, दर रविवारी तुम्ही आम्हांला देता. आम्हांला एक दिवस देऊ द्या ना."

तीस वर्षांपूर्वीची नागली मला त्या क्षणी दिसली. मी डबा घेतला. त्यानंतर आठवड्यातून दोन दुपारी विद्यार्थिनी आळीपाळीने पत्नीजवळ बसू लागल्या. त्या तिला आपल्या पाठ्यपुस्तकातल्या कविता वाचून दाखवत. कविता ऐकता ऐकता तिचे शब्द हळूहळू, एकेक करून परतू लागले. ते सगळे परतले नाहीत. पण आता ती मला नावाने हाक मारते.

तेव्हा मला दिसले, की घेण्यास नकार देणारा माणूसही एक प्रकारचा कृपण असतो. तो समोरच्याला कायमचा ऋणको करून ठेवतो. रमाबाईंनी ही चूक केली नाही. १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले. दूरदेशीच्या अनोळखी माणसांपुढे आपली गरज मांडायला त्या लाजल्या नाहीत. केडगावी सांभाळलेल्या मुलींनाही त्यांनी केवळ घेणाऱ्या ठेवले नाही; शेत, माग आणि छापखाना त्याच मुली चालवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्याचे काम रमाबाई आयुष्याच्या अखेरपर्यंत करीत होत्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. उरलेले काम त्यांनी तशाच स्थितीत चालू ठेवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रमैत्रिणींनो, ही पुस्तिका तुम्ही बहुधा रात्री, घरची कामे आटोपून वाचत असाल. कोणाच्या घरी आजारपण असेल, कोणाचे काम सुटले असेल. तुम्ही आणखी त्याग करावा, असा उपदेश मी करणार नाही. आधीच वाकलेल्या माणसाला, विशेषतः बाईला, त्यागाचा महिमा सांगणे सोपे असते, आणि पुष्कळदा ते अन्यायाचे असते. मी फक्त आपल्या भाषेतील एका वाक्प्रचाराची आठवण करून देतो. एखाद्याशी संबंध उरला नाही, हे सांगताना मराठी माणूस म्हणतो, "माझे त्याच्याशी काही देणेघेणे नाही." याचा अर्थ, संबंध असणे म्हणजेच देणेघेणे असणे. दोन्ही शब्द एकत्र आहेत. त्यांतला एक काढला, की वाक्प्रचार तुटतो.

सिस्टरबाई निवृत्त होऊन नगरकडे गेल्या, एवढेच मला समजले. मी त्यांचे आभार मानले होते. पण आता त्यांच्याच शब्दांत सांगायचे, तर मी त्यांचे देणे लागतो.

स्वाध्याय

१. 'देणे' आणि 'घेणे' ही क्रियापदे मुख्य आणि सहायक अशा दोन्ही रूपांत वापरून प्रत्येकी तीन वाक्ये लिहा आणि अर्थातील फरक स्पष्ट करा.

२. 'स्मृतिचित्रे'मधील, दुसऱ्यासाठी झिजण्याचा एखादा प्रसंग निवडा. लेखिकेने तो कोणत्या स्वरात सांगितला आहे, याची चर्चा करा.

३. तुम्ही कोणाचे तरी 'देणे' लागता अशी एक आठवण दोनशे शब्दांत लिहा. ती परीक्षकासाठी न लिहिता, त्या व्यक्तीला वाचून दाखवता येईल अशी लिहा.