लॅमिंग्टन रोडची यात्रा

मुंबईच्या प्रत्येक पेठेचें दैवत निराळें. झवेरी बाजारांत सोनें, मंगलदास मार्केटांत कापड, त्याचप्रमाणें लॅमिंग्टन रोडवर विजेच्या सूक्ष्म यंत्रांचें अधिष्ठान आहे. १९०३ ते १९०७ या काळांत मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचें नांव या रस्त्यास मिळालें. आज त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें असलें, तरी लोकांच्या जिभेवर जुनेंच नांव आहे. आमच्या पिढीस हा रस्ता चित्रपटगृहांचा म्हणून ठाऊक. १९७५ सालीं प्रदर्शित झालेला 'शोले' येथील मिनर्व्हांत पांच वर्षांहून अधिक काळ चालला. आजची तरुण मंडळी त्याच रस्त्यावर येते ती चित्रें पाहण्यास नव्हे, तर घरच्या पडद्यावर चित्रें उभीं करणारें यंत्र जुळविण्यास.

गेल्या मार्गशीर्षांत नातवासह आम्हांस या पेठेचें दर्शन घडलें. ज्यास हीं मुलें 'गेमिंग पीसी' म्हणतात, तो संगणक सुटे भाग आणून स्वहस्तें जुळवावा, ही त्याची मनीषा. दोन वर्षें लहान मुलांच्या शिकवण्या करून त्यानें सत्तर हजार रुपये सांठविले होते. चिरंजिवांस हा सारा अपव्यय वाटे. "पैसा त्याच्या कष्टाचा आहे, तो वायां जाऊं नये, एवढें तुम्ही पाहा," असें सूनबाईंनीं विनविलें, आणि आम्ही निघालों.

चिपळुणाहून दादर, तेथून लोकलनें ग्रँट रोड, आणि स्थानकाच्या पूर्वेकडून थोडी पायवाट. रविवारीं येथील बहुतेक दुकानें बंद असतात, म्हणून शनिवार साधला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांस चिंचोळे गाळे. कोणी केवळ तारा विकतो, कोणी केवळ पंखे. जिन्यानें वर चढावें तों माडीवरही तोच व्यापार. हमालांच्या डोक्यांवरील खोकीं चुकवीत चुकवीत नातवानें आम्हांस या विषयाचीं मूलतत्त्वें समजावून दिलीं. पस्तीस वर्षें आम्हीं वर्गांत सांगितलें. त्या दिवशीं ऐकण्याची पाळी आमची होती.

या खेळांत मुख्य कर्ते दोन. कोण कोठें उभा आहे, कोणाची गोळी कोणास लागली, याचें गणित प्रोसेसर करतो. त्या गणितावरून चित्र रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे मिळून २० लक्ष ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ सुरळीत दिसावा म्हणून सेकंदास ६० चित्रें धरलीं, तर एका चित्रास जेमतेम १७ मिलिसेकंद मिळतात. 'फोर-के' पडद्यावर ठिपके चौपट, त्यामुळें कार्डावरील भारही फार वाढतो. आम्हांस सांख्यांच्या पंग्वंधन्यायाचें स्मरण झालें. एकास दिसतें, दुसरा चालतो, आणि दोघांची गति परस्परांवर अवलंबून. दुबळ्या प्रोसेसरशेजारीं बलाढ्य कार्ड बसविलें, तर तें स्वस्थ वाट पाहत राहतें आणि त्याचें मोल व्यर्थ जातें. म्हणून निवडीचा आरंभ पडद्यापासून करावा. घरीं साधा पडदा होताच. त्यास पुरेल एवढेंच कार्ड, आणि त्या कार्डास शोभेल असा सहा गाभ्यांचा प्रोसेसर, असा त्याचा क्रम होता.

पुढें मदरबोर्ड. एएमडी कंपनीच्या २०२२ सालच्या एएम५ सॉकेटाच्या बोर्डावर डीडीआर५ जातीचीच रॅम चालते. डीडीआर४ची पट्टी तेथें बसतच नाहीं, कारण तिची खांच निराळ्या जागीं असते. नव्या सॉकेटाचा लाभ हा, कीं पुढें केवळ प्रोसेसर बदलतां येतो. जुन्या एएम४चा लाभ बेताच्या खर्चाचा. नातवानें जुनें पत्करलें. रॅमही एका १६ जीबीच्या पट्टीऐवजीं ८ जीबीच्या दोन घेतल्या, कारण दोन वाटांनीं माहितीची ने-आण जलद होते.

खरी परीक्षा एका माडीवरील दुकानांत झाली. विक्रेत्यानें भारी कार्ड, आणि कांचेआड रंगीत दिवे झळकणारें कॅबिनेट पुढें मांडलें. सारें सत्तर हजारांतच. मुलाची दृष्टि त्या दिव्यांवर खिळली. आम्हीं इतकेंच विचारलें, "यांतला पॉवर सप्लाय कोणाचा?" "काका, ते सगळे सारखेच असतात," असें उत्तर आलें. खोक्यावर ना कंपनीचें नांव, ना हमीचीं वर्षें.

घरच्या २३० व्होल्टच्या विजेचें मुख्यतः १२ व्होल्टच्या सरळ प्रवाहांत रूपांतर करून प्रत्येक भागास ती पुरविणारा हा घटक. खेळतांना तो कोणास दिसत नाहीं. पण तो निकृष्ट असला तर बिघडतांना शेजाऱ्यांनाही घेऊन जातो. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे पावसाळ्यांत वीज कशी येते-जाते! हें नको."

दुसऱ्या दुकानांत त्यानें एक पायरी खालचें कार्ड घेतलें. प्रोसेसर ६५ वॅटचा, कार्ड ११५ वॅटचें, इतर सर्व मिळून भार अडीचशें वॅटच्या आंतबाहेर. म्हणून नामांकित कंपनीचा, पांच वर्षांच्या हमीचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय त्यानें निवडला. त्यावरील '८० प्लस' हें चिन्ह कार्यक्षमतेचें आहे, टिकाऊपणाचें नव्हे, हेंही त्यानें आम्हांस बजावलें. कॅबिनेट साधें, पण पुढें जाळी असलेलें घेतलें. आंत हवा खेळली पाहिजे. बिलाशिवाय घेतल्यास दोन हजार कमी, असें दुकानदार म्हणाला. मुलानें पक्कें बिलच मागितलें, आणि प्रत्येक भागाचा क्रमांक त्यावर लिहवून घेतला. कारण सुट्या भागांची हमी ज्याच्या त्याच्या उत्पादकाकडे असते, आणि पावतीवांचून ती मागणार कोणत्या तोंडानें?

घरीं परतल्यावर चिरंजिवांनीं तें बिल चष्मा लावून ओळीनें वाचलें. प्रत्येक रकमेपाशीं थांबून ते विचारीत, "हें कशासाठीं? याहून स्वस्त नव्हतें? याहून चांगलें कां नाहीं?" मुलानें नऊही ओळींचें कारण सांगितलें. त्यांनीं बिल घडी घालून कपाटांत, घराच्या कागदपत्रांशेजारीं ठेवलें, आणि पेंचकस शोधण्यास स्वतःच उठले.