दुखणे पदराआड ठेवू नका

माझे काम भाताचे, खताचे आणि बियाण्याचे. आजचा विषय मात्र घरातल्या बाईच्या देहाचा आहे. लाजून पान उलटू नका. नवरा-बायकोने दोघांनी मिळून वाचा.

गाभण म्हशीचे मायांग बाहेर दिसू लागले तर तुम्ही काय करता? घडीभरही थांबत नाही. भाग स्वच्छ पाण्याने धुता, तिची मागची बाजू उंच राहील अशी तिला बांधता आणि पशुवैद्यकाला बोलावता. चार माणसांत त्याची चर्चाही करता. तेच घरातल्या बाईचे झाले, तर दहा दहा वर्षे नवऱ्यालासुद्धा पत्ता लागत नाही.

न्हावा-शेवाच्या आसपास, पनवेल आणि उरण तालुक्यांच्या खारपट्ट्यात, माझी बरीच नोकरी झाली. इथे १९८९ साली बंदर सुरू झाले. पुष्कळ जमिनी बंदरात आणि नव्या शहरात गेल्या. उरल्यासुरल्या शेतांत बाया अजून चिखलात वाकून लावणी करतात, भाऱ्या डोक्यावरून वाहतात. शेतकऱ्यांची बैठक संपून पुरुष उठले की एखादी मागे रेंगाळते. हळूच म्हणते, "मॅडम, खाली गोळा उतरल्यासारखा वाटतो." दुसरी म्हणते, "खोकले की कपडे ओले होतात." एकीने तर विचारले, "लेसरने अंग पहिल्यासारखे करून देतात म्हणे. मुलीच्या लग्नाला ठेवलेले पैसे त्यात घालू का?"

मी डॉक्टर नाही. पण जाणत्या डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते सांगते.

ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय तिच्या आधाराने राहतात. पुष्कळ बाळंतपणे, अडून राहिलेली प्रसूती, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, जुनाट खोकला, नेहमीची बद्धकोष्ठता यांनी ही झोळी सैल पडते. पाळी गेल्यावर आतली त्वचाही पातळ आणि कोरडी होते. मग अंग खाली सरकते, लघवी आवरत नाही, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. यात बाईचा काही दोष नाही. उधाणाच्या पाण्याने खारीच्या बांधाला खांड पडते, तेव्हा आपण बांधाला शिव्या देत नाही. वेळीच माती घालतो.

हे दुखणे किती लपलेले असते, ते गडचिरोलीत दिसले. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातल्या ९२ जणींना कोणता ना कोणता स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या शंभरात फक्त ८ होत्या.

आता उपाय. पहिला उपाय बिनपैशाचा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, पाच अंक मोजेपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. मात्र प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. अमेरिकेतील डॉ. केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला. निदान तीन महिने नेटाने केला तर गुण येतो. दुसरा उपाय रिंगेचा. डॉक्टर मापाची रिंग आत बसवतात, ती अंगाला आधार देते. मधूनमधून ती काढून धुवावी आणि तपासून घ्यावी लागते. कोरडेपणावर मलम मिळते, पण ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावे. एवढ्याने भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. गर्भाशय न काढता वर बांधून घेण्याची एक पद्धत मुंबईचे डॉ. विठ्ठल शिरोडकर यांनीच बसवली होती.

लेसरचे काय? 'अंग घट्ट करून देऊ' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये बजावले, की या कामासाठी अशा यंत्रांना मान्यता दिलेली नाही. भाजणे, व्रण पडणे, कायमचे दुखणे असे अपाय होऊ शकतात. शिवाय खाली उतरलेले गर्भाशय लेसरने वर जात नाही. जाहिरात वाचून आपण बियाणे घेत नाही, मग देहावर प्रयोग कशाला?

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'पिशवी काढून टाका, कटकट जाईल' असे कोणी म्हटले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कारण खरे असेल तर शस्त्रक्रिया जरूर करावी, पण घाबरवून केलेली नसावी.

त्या पैसे विचारणाऱ्या बाईला मी म्हटले, "पैसे राहू दे पेटीत. आधी सरकारी दवाखान्यात तपासून घे." तिला रिंग बसली. पुढच्या खेपेला ती पुढच्या रांगेत बसून करपा रोगाविषयी प्रश्न विचारत होती.

बंधूंनो, तुमच्याकडूनही काही हवे आहे. बाळंतिणीला निदान सहा आठवडे ओझे उचलू देऊ नका. लाकडाची मोळी आणि पाण्याचा हंडा तुम्ही उचला. दवाखान्यात तिच्याबरोबर जा. भगिनींनो, गाठीसारखे काही हाताला लागले, लघवी अडली, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर एक दिवसही अंगावर काढू नका. आशाताईला सांगा, ती आरोग्य केंद्राची वाट दाखवील. लावणी दोन दिवस उशिरा झाली तरी पीक हाती येते. बाईचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे लांबणीवर टाकू नका.