श्वासात जाणारं पाणी

पाण्याच्या बाबतीत आम्ही जैन बायका जरा जास्तच काटेकोर. गाळणं दुहेरी असावं, छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद. गाळून उरलेली जिवाणी जिथलं पाणी तिथेच हलक्या हातानं परत सोडावी. गाळलेलं पाणी दोन घटका चालतं, म्हणजे ४८ मिनिटं. उकळलेलं आठ प्रहर. हे सगळं आईनं मला कारंज्याला शिकवलं आणि तेवढं घेऊन मी टोंकखुर्दला सासरी आले. आंघोळीचं पाणीही गाळूनच घ्यायचं, पण ते अंगावरून मोरीत गेलं की त्याचा आपला संबंध संपला. पाणी शरीरात जातं ते तोंडावाटे, असाच सगळ्या जगाचा हिशेब. ते नाकावाटेही जातं, हे आमच्या घराला थोरल्या जाऊबाईंच्या खोकल्यानं शिकवलं.

टोंकखुर्द देवास जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. काळी माती, सोयाबीन, गहू, हरभरा. लग्न होऊन आले तेव्हा इथे पाण्याचं दुर्भिक्ष इतकं की बादलीभर पाण्यात आंघोळ आणि त्याच पाण्यात पाय धुणं. देवास शहराला तर १९९० साली रेल्वेच्या टाक्यांतून पाणी आणावं लागलं होतं. नलिका विहिरी खोल खोल गेल्या आणि कोरड्या पडल्या. मग २००६ पासून उमाकांत उमराव हे कलेक्टर असताना शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात तळी खोदायला सुरुवात केली. त्यांना नाव दिलं रेवासागर. टोंककलां, धतूरिया अशा आमच्या आसपासच्या गावांत तर शेताशेतात तळं झालं. पावसाचं पाणी थांबलं, दुसरं पीक आलं, हातात पैसा आला. जुनी घरं पाडून नवी उभी राहिली. नव्या घरात न्हाणीघर गेलं आणि बाथरूम आलं. चहूबाजूंनी फरशी, वर हातभर खिडकी, भिंतीवर गीझर आणि डोक्यावर शॉवर. ज्या गावानं पाण्याच्या थेंबासाठी जीव काढला, त्या गावात पाऊस घरात पडतोय याचा आनंद मोठा होता. तो मी खोटा म्हणणार नाही.

थोरल्या जाऊबाईंना मी जीजी म्हणते. साठीच्या, उंच, काटकुळ्या. त्यांचा खोकला दोन वर्षं चालला होता. बेडक्यात क्षयासारखे जंतू दिसले, छातीच्या फोटोत डाग दिसला, म्हणून एका डॉक्टरांनी क्षयाची औषधं सुरू केली. सहा महिने झाले, खोकला तसाच. दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा तीच औषधं दिली. या सगळ्या काळात घरात जीजींचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण ओसरीतल्या खोलीत. नातवाला त्या दारातूनच बघत. कुणी वाईट वागत नव्हतं, सगळे काळजीच घेत होते. ती काळजीच त्यांना जास्त लागत होती.

छातीच्या दुखण्याची देवासला जुनी आठवण आहे. १९४८ साली कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन इथे आले ते माळव्याच्या कोरड्या हवेसाठीच. काही वर्षं त्यांना गाता आलं नाही. भानुमतीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली, स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मिळालं आणि ते पुन्हा गायला लागले. तेव्हापासून फुप्फुस म्हटलं की आमच्याकडे एकच आजार आणि एकच उपाय डोक्यात येतो. ते बहुतेक वेळा बरोबरही असतं, कारण क्षय आपल्याकडे खरोखरच फार आहे. पण त्यामुळे क्षयासारखं दिसणारं दुसरं काही असू शकतं, हे सुचतच नाही.

इंदूरला एका डॉक्टरांनी जीजींचा बेडका पुन्हा तपासायला घेतला. सीबी-नॅट तपासणीत क्षयाचा जंतू नाही असं आलं, आणि तरी काचेवर लाल काड्या दिसत होत्या. मग त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी कल्चर लावलं. काही आठवड्यांनी दोन्हींत उगवलं ते मायकोबॅक्टेरियम एव्हियम. क्षयाच्या जंतूच्या कुळातलाच, पण क्षय न करणारा. अशा सगळ्या जंतूंना मिळून डॉक्टर ‘एनटीएम’ म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात, सख्ख्या भावांसारखे. फरक असा की क्षयाचा जंतू माणसाकडून माणसाकडे जातो, आणि हा येतो माती-पाण्यातून. सहसा माणसाकडून माणसाला लागत नाही. म्हणजे ते वेगळं ताट, ती ओसरीतली खोली, नातवाचं ते दारातून बघणं, यातल्या कशाचीच गरज नव्हती. जीजी त्या दिवशी परतीच्या बसमध्ये एकच वाक्य बोलल्या, “म्हणजे मी त्याला उचलून घेऊ शकत होते.”

हा जंतू कुठून आला, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “नक्की कुणालाच सांगता येणार नाही. बागेतल्या मातीतूनही येतो, पाण्यातूनही. पण घरात शॉवर आहे का?”

त्यानंतर मी जे वाचलं, समजून घेतलं, ते सांगते. या जंतूंच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं. त्यामुळे त्यांना पाण्यात विरघळून राहण्यापेक्षा कशाला तरी चिकटून राहणं आवडतं. नळाच्या आत, टाकीच्या भिंतीवर, शॉवरच्या चाळणीत बुळबुळीत थर धरतो, त्यात ते वस्ती करतात. याच आवरणामुळे क्लोरीन त्यांना फारसं बाधत नाही. पोटाच्या जंतूंपेक्षा ते शेकडो पटींनी चिवट असतात. आणि पाण्याचे बुडबुडे फुटले की हे जंतू त्या बारीक तुषारांवर स्वार होऊन हवेत येतात. शॉवर म्हणजे असे तुषार करण्याचं यंत्रच. बंद बाथरूममध्ये दहा मिनिटं आपण ते धुकं ओढत उभे असतो.

अमेरिकेत नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ शहरांतल्या शॉवरच्या चाळण्या तपासल्या. २००९ साली त्यांनी लिहिलं की काही चाळण्यांत हे जंतू मूळ पाण्यातल्यापेक्षा शंभर पटींहून अधिक साठलेले होते. पुढे २०१८ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या साडेसहाशेहून अधिक घरांची तपासणी झाली. तिथे विहिरीच्या पाण्यापेक्षा क्लोरीन घातलेल्या नगरपालिकेच्या पाण्याच्या घरांत हे जंतू अधिक निघाले. क्लोरीननं बाकीचे मरतात आणि यांना रान मोकळं मिळतं. म्हणून क्लोरीन बंद करा, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. कॉलरा, कावीळ, विषमज्वर आटोक्यात राहतात त्यात त्याचा मोठा वाटा आहे.

घाबरण्यासारखंही काही नाही. हे जंतू आपल्या सगळ्यांच्या श्वासात रोज जातात आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. जपायचं ते ज्यांच्या फुप्फुसांत आधीच काही आहे त्यांनी: जुन्या क्षयाचे व्रण, दमा किंवा धुरानं खराब झालेली छाती, रुंदावलेल्या श्वासनलिका, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं. आणि जीजींसारख्या साठीच्या पुढच्या बारीक अंगाच्या बायकांनी. का कोण जाणे, त्यांना हा आजार जास्त होतो.

आमच्या घरात आम्ही काय बदललं? जीजींसाठी शॉवर बंद केला. बादली आणि तांब्या परत आले. गीझरचा काटा वीज वाचवायला पंचेचाळिसावर असायचा, तो साठावर नेला. पंचेचाळीसपर्यंतचं कोमट पाणी या जंतूंना मानवतं, पंचावन्नच्या वर त्यांचं फारसं चालत नाही. मात्र साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. म्हणून आधी बादलीत थंड पाणी, मग गरम, आणि पोरांना तोटीला हात लावायचा नाही. माहेरी बंबातलं कढत पाणी घंगाळात घेऊन वरून विसण घालत, तो क्रम इथे उलटा केला. खिडकी उघडी, आंघोळ झाल्यावर दारही उघडं.

बाकीच्यांना शॉवर हवाच होता. मग बारीक फवाऱ्याची चाळणी काढून मोठ्या भोकांची लावली, म्हणजे धारा पडतात, धुकं होत नाही. आमचं पाणी जड. चाळणीत क्षार बसतो आणि त्या क्षारावर थर. ती महिन्याला काढून घासतो. लिंबानं क्षार निघतो, जंतू पुरते जात नाहीत, म्हणून जुनी झाली की बदलतो. चार दिवस गावाला जाऊन आलं की आधी दार ओढून घेऊन नळ थोडा वेळ सोडून द्यायचा. गच्चीवरची काळी टाकी वैशाखात चटका बसेल इतकी तापते आणि आत पाणी कोमट होतं. तिच्यावर छप्पर घातलं आणि ती वर्षातून दोनदा घासून घ्यायचं ठरवलं. कूलरचं पाणी रोज बदलतो. जीजींना तुळशीची माती आवडते. ती आधी ओली करून, तोंडाला फडकं बांधून हाताळायची. कोळशाच्या गाळणीचं यंत्र कुणीतरी सुचवलं होतं. ते घेतलं नाही, कारण कोळशावर हे जंतू वाढतातच. त्यांना अडवायला अत्यंत सूक्ष्म छिद्रांची, वेळेवर बदलावी लागणारी गाळणी लागते. आमच्या दुहेरी गाळण्यातून तर ते सहज निघून जातात.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, “इतकं तापवून जे जीव मरतात, त्यांचं काय गं?” त्यांचं वय नव्वद. प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मुनींनाही उकळलेलं प्रासुक पाणीच लागतं, हे त्यांना मी काय सांगणार? मी एवढंच म्हटलं, “आई, पाणी साचू दिलं नाही, थर धरू दिला नाही, तर ते वाढतच नाहीत. मग मारायचे किती?” त्यांना ते पटलं. आपल्या पूर्वजांना एव्हियम ठाऊक होता असं मी म्हणणार नाही; तसं म्हणणं त्यांच्यावरही अन्याय आहे. पण पाण्याला मुदत असते, ते फार वेळ ठेवू नये, लागेल तेवढंच घ्यावं, हा त्यांचा धडा मात्र इथे उपयोगी पडला.

एक गोष्ट मात्र कुठल्याही गीझरनं सुधारत नाही. १९९२ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी या आजाराच्या एका प्रकाराला ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमिअरचं नाव दिलं. त्यांचा तर्क असा की सभ्य बायका चारचौघांत खोकला दाबतात आणि त्यामुळे कफ आतच राहतो. नाटकातली ती बाई खोकतही नाही, आणि तो तर्कही पुढे टिकला नाही. पुष्कळांना ते नाव बायकांना दोष देणारं वाटतं. मला मात्र नाव वाचून जीजींचा तोंडावर धरलेला पदरच दिसला. प्रवचनात त्या खोकला गिळून बसत. घरात पाहुणे आले की स्वयंपाकघरात जाऊन खोकत. दोन वर्षांत त्या एकदाही डॉक्टरांसमोर मोकळ्या खोकल्या नव्हत्या.

तेव्हा बायांनो, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर तो लपवू नका. सकाळी उठल्याबरोबर खोल खोकून बेडका काढा आणि तपासायला द्या. क्षय असेल तर औषध फुकट मिळतं आणि बहुतेकदा तो पूर्ण बरा होतो. ते औषध मध्येच सोडू नका. पण औषध नीट घेऊनही खोकला हलत नसेल, तर तिसऱ्यांदा तीच गोळी गिळण्याआधी डॉक्टरांना विचारा, कल्चर केलं का? त्यात काय उगवलं?

जीजींना आता तीन औषधं एकदम चालू आहेत. ती पोटाला झेपत नाहीत, तोंडाची चव गेली आहे. नातू त्यांच्या मांडीवर बसून जेवतो. गेल्या तपासणीत पहिल्यांदाच कल्चरमध्ये काही उगवलं नाही. डॉक्टर म्हणाले, “आता इथून बारा महिने मोजा.”